दिसेल तेवढीच सुई पुढे

बाबा बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पोती वाहायचे. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत हाडं गोठवणारी थंडी, आणि दिवसभर त्या दोन्हींमध्ये ये-जा. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा आणि तागाचा वास असायचा. शर्टाची बटणं आई काढून द्यायची, कारण त्यांची बोटं वळायची नाहीत. आजोबा गिरणीच्या नोकरीसाठी खानदेशातून इंदूरला आले होते. ती गिरणी बाबांच्या ऐन उमेदीत बंद पडली. मग थोडे दिवस हे, थोडे दिवस ते, आणि शेवटी महूला भाड्याची एक खोली आणि बटाटे.

आई सिमरोलला, तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. ठेकेदाराची गाडी उजाडायच्या आत यायची. मी एकदा तिला विचारलं, "आई, तिथली पोरं काय शिकतात गं?" ती म्हणाली, "मेको काय माहीत! पण अर्धी पोळी टाकून उठतात, एवढं दिसतं."

आमच्याकडे भांडणं फारशी व्हायची नाहीत. भांडायला जोर लागतो. रात्रीचं जेवण गुपचूप व्हायचं, आणि बाबांना पुष्कळदा ताटावरच डोळा लागायचा. आई त्यांच्या हातातला घास काढून ताटात ठेवायची, हात पुसून द्यायची आणि म्हणायची, "झोपा आता." मला लहानपणी वाटायचं की मोठी माणसं अशीच जेवतात.

बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास लावायची ऐपत नव्हती. इंदुरात पलासियाला त्या क्लासच्या पाट्या मी बसमधून वाचत जायचो, तेवढाच आमचा संबंध. नर्सिंगला प्रवेश मिळाला, घेतला. मामा म्हणाला, "भिया, नर्सिंग? म्हणजे तुला सिस्टर म्हणायचं का आम्ही?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, आपल्या खानदानात कॉलेजचं दार आतून कुणी पाहिलंय? मी चार वर्षं पाहिलं. बी.एस्सी. नर्सिंग पास झालो. हे मी अजूनही पूर्ण उच्चारतो. कुणी कंपाउंडर म्हटलं तर तिथंच दुरुस्त करतो, मग तो मामा असो की मोठा साहेब.

नोकरी लागली ती पलासियाजवळच्याच एका खाजगी हॉस्पिटलात. तिथं सगळे मला ब्रदर म्हणतात. शीर शोधण्यात माझा हात बरा होता, म्हणून कुणाची शीर सापडली नाही की वॉर्डावॉर्डातून हाक यायची: "ब्रदरको बुलाओ." म्हातारी माणसं, किमोचे पेशंट, महिनाभर सलाइनवर असलेले. त्यांच्या हातावर निळे-हिरवे डाग असायचे आणि शीर म्हणून बोटाला लागेल असं काही नसायचं. मी चापट्या मारायचो, गरम पाण्याचा कपडा ठेवायचो, अंदाजानं टोचायचो. कधी लागायची, कधी नाही. पेशंट रडायचा, नातेवाईक माझ्याकडे कसायाकडे बघावं तसे बघायचे. त्या दिवसांत मी घरी येऊन बाबांसारखाच ताटावर झोपायला लागलो होतो.

मग हॉस्पिटलनं शिरा बघण्यासाठी छोटं सोनोग्राफी मशीन घेतलं, आणि ते शिकवायला आमच्या भूल देणाऱ्या मॅडम पुढे आल्या. मॅडम लष्करातून निवृत्त झालेल्या, महूलाच राहायच्या, आणि बोलणं छावणीतलं. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं की दंडाच्या शिरेतून थेट छातीपर्यंत लांब नळी टाकायचं काम, ज्याला आम्ही नुसतं लाइन म्हणतो, ते नर्सिंगचा माणूस शिकू शकतो. म्हणाल्या, मी शिकवते, मी पास करते, मग तो एकटा करेल. आमच्याकडे तोवर लाइन फक्त डॉक्टरांनी टाकायची. मला विचारलं तेव्हा मी विचार करायलाही थांबलो नाही.

मला वाटलं होतं, आता काय, स्क्रीनवर शीर दिसणार, सुई घालायची. शीर दिसते हे खरं. काळा गोल. वरून प्रोब, म्हणजे मशीनचा कातडीवर टेकवायचा दांडा, दाबला की चपटी होते. शेजारी रोहिणी असते, ती दाबली तरी धडधडत राहते, आणि तिला हात लावायचा नसतो. पण अडचण शिरेची नसते, सुईची असते. प्रोबमधून निघणारा, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. सुई त्याला जिथं आडवी छेदते तिथं स्क्रीनवर एक पांढरा ठिपका उमटतो. नवा माणूस खूश होतो, हे बघा टोक! पण तो ठिपका टोकाचा असेलच असं नाही. सुईच्या मधल्या भागाचाही तसाच ठिपका दिसतो. टोक तोवर पुढे गेलेलं असतं, शिरेच्या मागची भिंत फोडून कुठंतरी. तुम्ही समाधानानं ठिपक्याकडे बघत असता, आणि सुई नको तिथं पोचलेली असते.

यावर उपाय एकच, आणि तो फार कंटाळवाणा आहे. प्रोब केसभर पुढे सरकवायचा. ठिपका गेला पाहिजे. मग सुई केसभर पुढे. ठिपका परत आला, तर तेच टोक. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. दोन्ही हात एकदम हलवायचे नाहीत. प्रोबच्या हाताची करंगळी पेशंटच्या दंडावर टेकलेली हवी, नाहीतर हात नकळत घसरतो. मशीन पलंगाच्या पलीकडे, बरोबर नजरेसमोर हवं, म्हणजे मान न वळवता हात आणि स्क्रीन एका ओळीत येतात. हे सगळं मॅडम मला हिंदीत, ओरडून शिकवायच्या.

आणि त्यांचा एक नियम होता. प्रत्येक पावलाला मोठ्यानं बोलायचं. टोक दिसत असेल तर "दिख रही है." दिसत नसेल तर "नहीं दिख रही." आणि 'नहीं' म्हटलं की सुईचा हात दगड. प्रोबनं शोधायचं, सुईनं नाही.

"मॅडम, पेशंटसमोर?" मी विचारलं.

"पेशंट के सामने नहीं तो क्या कैंटीन में बोलेगा?"

सरावाला खोटा दंड लागतो. तयार मिळतो तो महागडा, हॉस्पिटल काही घेणार नव्हतं. बाकी ठिकाणी कोंबडीचं मांस वापरतात म्हणे, पण आमच्या आईच्या ओट्यावर ते शक्य नव्हतं. मग मॅडमनीच युक्ती सांगितली. चायनाग्रास आणि इसबगोल. चायनाग्रास उकळायचं, त्यात इसबगोलाची भुसी घोटायची, आणि स्टीलच्या डब्यात पाण्यानं भरलेली लांब फुग्याची नळी आडवी ठेवून वरून ओतायचं. थंड झालं की घट्ट होतं. भुसीमुळे स्क्रीनवर मांसासारखं करडं दिसतं आणि फुगा शिरेसारखा काळा. इसबगोल आपल्याकडे काय, माळव्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. आईनं एक जुनं पातेलं मला देऊन टाकलं आणि बजावलं, "हे आता नैवेद्याला चालायचं नाही, कळलं? खूण करून ठेव त्याच्यावर."

रोज संध्याकाळी मी ते वितळवून परत जमवायचो, कारण सुईच्या जुन्या वाटा आत पांढऱ्या रेघांसारख्या उरतात आणि फसवतात. सकाळी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचो. शेजारचा विचारायचा, "भिया, मिठाई?" मी मान हलवायचो. बोलायचा कंटाळा.

एका रविवारी दुपारी ड्यूटीवरून आलो तर मामा आमच्या खाटेवर बसलेला, मांडीवर माझा त्या दिवशी घरीच राहिलेला डबा, हातात चमचा.

"ताई, खरवस छान जमलाय," तो आईला सांगत होता, "पण साखर टाकायची विसरली का तू? आणि थोडा चिकट झालाय."

आई मोरीत भांडी घासत होती. तिनं वळून पाहिलं आणि हातातलं भांडं सोडून दिलं. "अरे, तो याचा हात आहे!"

मामानं चमच्याकडे पाहिलं. "कोणाचा हात?"

मी त्याला समजावून सांगितलं की चायनाग्रास आहे, इसबगोल आहे, विष काही नाही, फक्त उद्या सकाळी लवकर उठावं लागेल. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले, त्यांची पाठ हलायला लागली. मला आधी वाटलं खोकताहेत. हसत होते. बाबांना असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, आठवत नाही. मामा जाताना म्हणाला, "सिस्टर, तू काय काय शिकून ठेवलंय रे." पण त्या दिवशी तो शब्द टोचला नाही.

डब्यातल्या फुग्यात टोक दिसायला लागलं. मग मॅडमच्या हाताखाली माणसांच्या दंडात दिसायला लागलं. मी मोठ्यानं बोलत होतो. दिख रही है. दिख रही है. नहीं दिख रही. आणि थांबत होतो.

इथंच घोटाळा झाला. एका पेशंटच्या मुलानं तक्रार केली. लाइन नीट पडली होती, एका सुईत, त्याच्या वडिलांना काही त्रास झाला नव्हता. पण तो म्हणाला, "ब्रदर खुद बोल रहा था कि उसको सुई नहीं दिख रही. जिसको दिखती नहीं उसके हाथ में सुई क्यों देते हो?" ऐकणाऱ्याला हे पटणारच. मलाही त्याच्या जागी पटलं असतं.

आम्हाला प्रशासकांच्या केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. पेशंट टिकले पाहिजेत एवढंच त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, "भिया, तुम मन में बोला करो ना. ज़ोर से बोलने की क्या ज़रूरत?"

मॅडम म्हणाल्या, "मन में तो सबकी टिप दिखती है."

प्रशासक मानेनं 'नाही, नाही' करत म्हणाले की आणखी एक तक्रार आली तर नर्सिंगनं लाइन टाकणं बंद, पूर्वीसारखं डॉक्टरच टाकतील. बाहेर आल्यावर मॅडमनी मला सांगितलं की मी गप्प राहून लाइन टाकली तर त्या मला पास करणार नाहीत. एकीकडे बोललो तर काम जाणार, दुसरीकडे गप्प बसलो तर सही जाणार. मी बसस्टॉपवर उभा राहिलो. पाय दुखत होते. मला वाटलं, सोडून द्यावं. वॉर्डात होतो तेच बरं होतं, चापट्या माराव्यात, अंदाजानं टोचावं, पगार तोच. मी हे आईला बोलूनही दाखवलं. ती पोळ्यांच्या मेसमधून तेव्हाच आली होती, पाय पसरून बसली होती. म्हणाली, "सोड, काय हरकत नाही." मग जरा वेळानं, "पण मी तुला सोडायला शिकवलं नव्हतं. थकली म्हणून बोलते मी. माझं ऐकू नको."

पुढची लाइन आली ती एका निवृत्त शिक्षिकेची. गणित शिकवायच्या. घरचे जुने, होळकरांच्या काळापासूनचे इंदूरचे मराठी लोक. पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झालेला, कित्येक आठवडे शिरेतून औषध चालणार, आणि हाताच्या शिरा आधीच संपलेल्या. लाइन पडली तर त्या घरी जाऊन औषध घेऊ शकणार होत्या. त्यांचा मुलगा खोलीत उभा. मला पाहून म्हणाला, "डॉक्टर नाही येणार?"

"डॉक्टर इथेच आहेत," मी मॅडमकडे बोट केलं. "लाइन मी टाकतो. बी.एस्सी. नर्सिंग आहे मी."

बाईंनी विचारलं, "कुठला रे तू?"

"महूचा, बाई."

"तुझं मराठी फारच इंदुरी आहे."

"इंदूरच्याच हवेत वाढलं, बाई. दुसरं कुठून आणू?"

त्या हसल्या. आणि तेव्हा, दंड साफ करताना, मला ती गोष्ट दिसली जी इतके दिवस समोर होती. मशीन पलंगाच्या पलीकडे असतं. पेशंटला आम्ही तोंड पलीकडेच वळवायला सांगतो, म्हणजे मशीनकडे. स्क्रीन तेवढी माझ्याकडे तोंड करून, त्याच्याकडे तिरकी. मी हातमोजे घालायच्या आधी जाऊन ती थोडी बाईंकडे वळवली. दोघांना दिसेल इतकी.

"बाई, हा काळा गोल तुमची शीर. थोड्या वेळानं एक पांढरा ठिपका येईल, ते सुईचं टोक. ते दिसतंय तोवरच मी पुढे जाणार. मी 'दिसत नाही' म्हटलं तर समजायचं, माझा हात थांबलाय. घाबरायचं नाही."

"म्हणजे दिसेल तेवढीच सुई पुढे."

"हो."

"आणि हे कोण तपासणार?"

"तुम्ही तपासा," मी म्हणालो.

मुलाकडे बघत मी हेच पुन्हा सांगितलं. तो हात बांधून स्टुलावर बसला. मॅडम भिंतीशी उभ्या.

दंड बधिर केला. करंगळी टेकवली. ठिपका आला. "दिसतंय," मी म्हणालो. प्रोब पुढे, ठिपका गेला. सुई पुढे, ठिपका आला. "दिसतंय." काळ्या गोलाच्या वरच्या कडेला आलो होतो तेवढ्यात बाईंना खोकला आला. एकच ठसका. दंड हलला, आणि ठिपका नाहीसा झाला.

"दिसत नाही," मी म्हणालो, आणि त्याच वेळी बाई म्हणाल्या, "गेला रे तुझा ठिपका."

मुलगा ताडकन उठला. "काय झालं? काय झालं?"

"बस खाली," बाई मान न वळवता म्हणाल्या. "तो थांबलाय. त्यानं आधीच सांगितलं होतं थांबेन म्हणून. तू धुक्यात गाडी दामटतोस तसा नाहीये तो."

मुलगा बसला. माझा सुईचा हात जिथल्या तिथं होता, खांद्यात आग व्हायला लागली होती. प्रोब हळू मागे आणला. सुईचा मधला भाग सापडला. त्याच्यामागून प्रोब पुढे नेत गेलो, आणि टोक दिसलं. ते शिरेच्या बाजूला सरकलं होतं, धडधडणाऱ्या रोहिणीच्या दिशेनं. तसंच पुढे ढकललं असतं तर काय झालं असतं हे बाईंना माहीत नव्हतं. मला होतं, आणि मॅडमना होतं. मॅडम हलल्या नाहीत. मी सुई जवळजवळ कातडीपर्यंत मागे घेतली, दिशा बदलली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"दिसतंय."

"हो, दिसतंय," बाई म्हणाल्या.

"दिसतंय."

"दिसतंय. पुढे."

काळ्या गोलाची वरची कड आत दबली, मग सुटली, आणि ठिपका बरोबर गोलाच्या मधोमध येऊन बसला. सुईच्या मागं गडद रक्त आलं, संथ, उसळी न मारता, म्हणजे शिरेतलंच. सुईतून बारीक तार आत गेली, तारेवरून नळी गेली. पट्टी लावून झाल्यावर मला कळलं की माझा शर्ट पाठीला चिकटलाय.

बाहेर मॅडमनी विचारलं, "पहले किसने बोला, तूने या पेशंट ने?"

"साथ में, मैडम."

"अगली बार तू पहले." आणि त्यांनी सही केली. शाबासकी वगैरे काही नाही. छावणीत बहुतेक तशी पद्धत नसावी.

तक्रार आली नाही. उलट बाईंच्या मुलानं जाताना प्रशासकांना सांगितलं की आईला स्क्रीन दाखवली ते फार बरं केलं, सगळ्यांनाच दाखवत चला. आता आमच्याकडे लाइन टाकताना स्क्रीन पेशंटकडे वळवतात. काही लोक डोळे मिटून घेतात, तोही त्यांचा हक्क. पण जे बघतात ते माझ्या आधी ओरडायला टपलेले असतात, आणि मी त्यांना जिंकू देत नाही.

त्या दिवशी महूच्या बसमध्ये जागा मिळाली आणि मी झोपलो. कंडक्टरनं उठवलं. घरी आई पोळ्या करत होती, दिवसभर केलेल्यांवर आणखी चार. मी म्हटलं, "आई, पास झालो." तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "हात धू आणि बस." बाबांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं.

थकवा काही गेला नाही. उभं राहून मान धरते, डोळे जळतात, संध्याकाळी बोलायला नको वाटतं. पण आता बाबा कोल्ड स्टोरेजला जात नाहीत, आणि जेवताना मी जागा असतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे, आणि आमच्या हॉस्पिटलात एकट्यानं लाइन टाकणारा नर्सिंगचा पहिला माणूसही मीच आहे.